वेळासची वाळू तापते तेव्हा

बदलतं हवामान आणि निसर्गपर्यटन : लेखांक ६

मार्च लागला की वेळासला फोनवर एकच प्रश्न येऊ लागतो : येत्या शनिवार-रविवारी पिल्लं निघतील का? गावातले कासवमित्र घरटं कोणत्या तारखेचं आहे ते बघून अंदाज सांगतात. ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांतून साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. हा पंधरा दिवसांचा फरक मुख्यतः वाळूच्या उबेचा असतो. वाळू गार असली की पिल्लं रेंगाळतात, तापली की लवकर वर येतात. मंडणगड तालुक्यातल्या या लहानशा गावाचा कासव महोत्सव, त्यासाठी ठेवलेल्या खोल्या, शिजणारं जेवण, पुण्या-मुंबईहून निघालेल्या गाड्या, हे सगळं अखेर दीड फूट खोल वाळूतल्या तापमानाशी बांधलेलं आहे.

बाणकोटच्या खाडीजवळचं वेळास पूर्वी नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. कासवांचं गाव ही ओळख २००२ नंतरची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेव्हा इथे कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी घरटं सापडलं की अंडी काढून नेली जात, खाल्ली जात, विकली जात. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. रात्री-पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी उधाणाच्या पाण्यापासून वर, कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढे ते पाहायला लोक येऊ लागले, घराघरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली आणि घरटं राखण्यात गावाचा रोखीचा फायदा दिसू लागला. महाराष्ट्रात वन्यजीव पर्यटनाने गावाचं आणि प्राण्याचं एकाच वेळी भलं केल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं फार नाहीत, असं मला वाटतं.

आता वाळूच्या तापमानाचं दुसरं काम बघू. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं घातलं जातं तेव्हा ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात वाळू किती तापलेली आहे त्यावर ते ठरतं. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी सारखे निघतात. त्याहून गार वाळूत नर वाढतात, गरम वाळूत माद्या. ३४-३५ अंशांच्या वर वाळू सतत राहिली तर गर्भ अंड्यातच मरू लागतात. त्यात, वाढणारे गर्भ स्वतःही उष्णता सोडतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत घरट्याच्या आतलं तापमान भोवतालच्या वाळूपेक्षा चढलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. पिल्लाकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही. ती निघतात, ओल्या वाळूवरून सरपटत लाटेत शिरतात, बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आजच्या उन्हाळ्याचा हिशोब समुद्र तेव्हा देणार.

कोकणात विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरातली घरटी थंडीत उबतात, फेब्रुवारी-मार्चमधली एप्रिल-मेच्या उन्हात. म्हणजे पर्यटकांच्या गर्दीआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत रिकामी होणारी घरटी नरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. वाळू जसजशी तापत जाईल तसतसं त्यांचं मोल वाढेल. सुटीच्या दिवसांतल्या घरट्यांना मात्र सावली द्यावी लागेल : झावळ्यांचा मांडव, शेडनेट, गरजेपुरतं पाणी. जगात बऱ्याच ठिकाणी हे उपाय करतात. सावलीही मोजूनमापून हवी, कारण वाळू फार गार झाली तरी बिघडतंच. घरट्यात तापमापक ठेवणं आणि रोजची नोंद करणं याला पर्याय नाही, आणि त्यासाठी लागणारा पैसा पर्यटनातूनच उभा राहायला हवा.

वाळूइतकाच समुद्रही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचा पृष्ठभाग तापल्याने वादळांना जास्त ऊर्जा मिळते. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे विणीच्या तोंडावर आली. उधाणाच्या लाटा वाळू ओढून नेतात, किनाऱ्याचा उतार बदलतो. अंडी घालायला कासवाला भरतीच्या रेषेवर कोरडी वाळू लागते. ती अरुंद झाली आणि मागे दगडी बंधारा असला, तर मादीला वर सरकायला जागाच उरत नाही. धूप थांबवायला बंधारे मागणाऱ्या गावांची अडचण खरी आहे, पण विणीच्या किनाऱ्यांवर तरी दगड टाकण्याआधी दहा वेळा विचार व्हावा.

३ जून २०२० चं ‘निसर्ग’ वादळ मंडणगड-दापोलीच्या पट्ट्याने विसरणं शक्य नाही. घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. लावलेली पोफळ हाती सुपारी द्यायला पाच-सहा वर्षं तरी घेते. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे पाहुणेही बंद झाले होते. बागेचं आणि पाहुण्यांचं, अशी दोन्ही उत्पन्नं एका वर्षात गेलेल्या घराला कासवाची राखण परवडत राहावी, ही जबाबदारी एकट्या गावावर टाकता येणार नाही.

म्हणून वेळासला, आंजर्ल्याला किंवा गुहागरला जायचं असेल तर आधी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा आणि तारीख लवचीक ठेवा. दोरीच्या आत जाऊ नका, फ्लॅश मारू नका, पिल्लू हातात मागू नका. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली पिल्लं नसली, तर कासवमित्रांशी हुज्जत घालू नका. राहिल्या-जेवल्याचे पैसे पूर्ण द्या आणि जमल्यास फेब्रुवारीतही जा. तेव्हा गर्दी कमी असते आणि घराघरांतल्या खोल्या रिकाम्या असतात.

पुढच्या आठवड्यात उजनीचं पाणी आणि भिगवणचे रोहित.