लिदित्से : पुसलेले आणि पुन्हा वसलेले गाव

नकाशावाचनाच्या तासाला आम्ही गाव ओळखतो ते खुणांवरून. घरांचे ठिपके, प्रार्थनास्थळ, तळे, ओढ्याची निळी रेघ, दफनभूमी. एका चेक गावाच्या या सर्व खुणा १९४२ साली हुकमाने जमिनीवरूनच पुसण्यात आल्या. त्या गावाची, लिदित्सेची, माहिती मी येथे देत आहे.

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, एका उथळ दरीत ओढ्याकाठी हे गाव होते. त्याचा जुना लेखी उल्लेख १३१८ सालचा आहे. सेंट मार्टिनचे चर्च, शाळा, तळे, शंभरेक घरे आणि पाचशेच्या आसपास माणसे, एवढाच त्याचा पसारा. थोडीफार शेती होती. पण शेजारच्या क्लादनो शहरात कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने असल्यामुळे बरेच पुरुष तेथेच कामाला जात.

१९३९ मध्ये जर्मनीने हा प्रदेश ताब्यात घेतला. २७ मे १९४२ रोजी गाबचिक आणि कुबिश या चेकोस्लोव्हाक सैनिकांनी प्रागमध्ये नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्यावर हल्ला केला. हे दोघे ब्रिटनहून येऊन पॅराशूटने उतरले होते. ४ जूनला हायड्रिख मेला. सूड घेण्यासाठी नाझींना एक गाव हवे होते. लिदित्सेतील होराक आणि स्त्रिब्रनी या घरांतले दोन तरुण ब्रिटनमध्ये हवाई दलात होते. त्यांचा हल्ल्याशी काही संबंध नव्हता, झडतीतही काही सापडले नाही. तरी एवढा संशय पुरेसा ठरला.

९ जूनच्या रात्री गावाला वेढा पडला. दुसऱ्या दिवशी होराक यांच्या वाडीत १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. पंधरा वर्षांवरील मुलगे पुरुषांत मोजले गेले. स्त्रियांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेले. ८२ मुलांना पुढे खेल्मनो येथे विषारी वायूने मारण्यात आले. मग घरे जाळली, चर्च सुरुंगाने उडवले, दफनभूमी उकरली, तळे बुजवले, ओढ्याचाही मार्ग बदलला. युद्धानंतर १४३ स्त्रिया आणि १७ मुले परत आली.

मी सैनिकी शाळेत शिकतो, म्हणून एक गोष्ट मला विशेष विचारात पाडते. हे सारे करणारेही गणवेशातच होते आणि हुकूम पाळत होते. शिस्त आम्हाला रोज शिकवली जाते. पण नि:शस्त्र माणसांवर बंदूक रोखायला सांगणारा हुकूम पाळणे याला शिस्त म्हणता येणार नाही, हे लिदित्से वाचल्यावर मला पटले.

नाझींनी ही बातमी स्वतःच जाहीर केली. जगाने घाबरावे हा हेतू. झाले उलटेच. अमेरिकेत आणि मेक्सिकोत वस्त्यांना लिदित्से हे नाव देण्यात आले. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनी खाणकामगारांना हाक दिली आणि तेथील कामगारांनी गाव पुन्हा बांधण्यासाठी पैसा उभा केला. खाणकामगारांच्या गावासाठी दूरदेशीचे खाणकामगार पुढे आले, हे मला फार मोलाचे वाटते.

१९४७ पासून जुन्या जागेजवळ दीडशे नवी घरे उभी राहू लागली. जुनी जागा आज हिरवे कुरण आहे. तेथे मारिए उखितिलोव्हा या शिल्पकर्तीने घडवलेले ८२ मुलांचे कांस्यशिल्प आहे, आणि दोन्ही गावांच्या मध्ये १९५५ साली फुललेली गुलाबबाग. क्लादनोच्या खाणी आता बंद झाल्या आहेत. जवळचे प्राग शहर हाच रोजगाराचा मोठा आधार आहे.

त्या मुलांच्या स्मरणार्थ १९६७ पासून लिदित्सेत बालचित्रांचे प्रदर्शन भरते. त्यासाठी देशोदेशींची मुले चित्रे पाठवतात, भारतातलीही. आपल्या शाळेतील धाकट्या चित्रकारांनीही यंदा एक चित्र अवश्य पाठवावे.