सुताराने बिऱ्हाड कुठे थाटावे?

मुलगा इंजिनिअर झाला, की त्याने कोणत्या शहरी नोकरी धरावी याचा खल आपल्या घरांतून आठ-आठ दिवस चालतो. सुताराच्या मुलाने कुठे जावे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. तो मुंबईस जाणार, हे आपण धरूनच चालतो!

सुतारापुढे हा प्रश्न तसा नवाच. बलुतेदारीत त्याचे गाव ठरलेले असे. नांगर, कुळव, गाडीची चाके ही कामे त्याचीच, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. पुढे नांगर लोखंडाचा झाला, गाडीला रबरी टायर आले, आणि हत्यारांची पेटी उचलणे भाग पडले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ रत्नागिरीकडे आय.टी.आय.त सुतारकाम शिकला. गेल्या वर्षी तो सल्ल्याला आला. मुंबई, नागपूर की पुणे?

मुंबईत कामाला तोटा नाही. पण तिथे सुतार राहतो कुठे? पुष्कळदा ज्या फ्लॅटचे काम चालू असेल तिथेच, प्लायवुडच्या ढिगाशेजारी पथारी टाकून. काम संपले की बिऱ्हाड हलले! राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर अशी वर्षेच्या वर्षे काढतात आणि पैसे गावी धाडतात. त्यांच्या चिकाटीला तोड नाही. या फिरस्तीला थोडाफार हातभार एका चिकट पदार्थाचाही लागला आहे. पूर्वी सांधा जोडायचा तर सरस विस्तवावर कढवावा लागे. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ते कोण चालवून घेणार? 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आले. पुढे विस्तवाचे काम उरले नाही आणि दिवाणखान्याचाच कारखाना झाला. आपली सोय झाली खरी, पण सुताराची स्वतःची जागा गेली. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला, नाटकातल्या सूत्रधाराचा तो सख्खा भाऊ. (मराठीच्या मास्तराला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) फ्लॅटच्या कामात मात्र सूत्रे कंत्राटदाराच्या हाती. प्लाय कापायचा, वर सनमायका डकवायचा. रंधा पेटीत पडून राहतो.

मग लाकूड जिथे पिकते, तिकडे जावे? चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नागपूरला जवळ. पण अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारशाहचा साग गेला, आणि त्यावर कोरीवकाम केले ते तमिळनाडूच्या कारागिरांनी, हैदराबादच्या एका कंपनीच्या हाताखाली. लाकूड एका गावचे, काम दुसऱ्याचे! सावंतवाडीची लाकडी खेळणी, मिरजेच्या सतारी ही गावे कसबाची खरी. पण ते कसब घराण्यांतून मुरलेले आहे, बाहेरच्याने जाऊन लगेच पाट मांडावा असे नाही.

पुण्याला भवानी पेठेत लाकडाचा बाजार आहे. विश्रामबाग वाड्याचे सुरूदार खांब पाहून आलेला गिऱ्हाईक अजूनही क्वचित भेटतो. तो सागाची चौकट मागतो आणि सांधा कसा आहे हे वाकून पाहतो. असा एक गिऱ्हाईक मला दहा फ्लॅटांपेक्षा मोलाचा वाटतो. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की मजुरी किती हे मागाहून विचार. बारा फुटांची फळी आडवी ठेवायला तुझ्या हक्काचे छप्पर कुठे मिळेल, ते आधी बघ.

2023 च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुताराला हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या खेपेस एक लाखापर्यंत कर्ज मिळते. हत्यारे त्यात होतात. शहरातल्या गाळ्याची अनामत तेवढ्यात भागणे कठीण.

तो सध्या वाघोलीकडे एक पत्र्याची शेड पाहून आला आहे. उन्हाळ्यात पत्रा तापेल, पण फळी मावते. भाडे जरा चढेच सांगतात. इकडे आईने मुली पाहायला सुरुवात केली आहे, आणि मुलीकडची माणसे शेडचे ऐकून घेतात आणि विचारतात, “ते असू द्या हो, पण नोकरी कुठे आहे?”