ड्राफ्ट झाला म्हणजे घोडं गंगेत न्हालं?

दर वर्षी जूनच्या अखेरीस एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीग या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट होतो. पुढचे काही दिवस कॅनडात सोयरेधायरे असलेल्या मराठी घरांतून एकच वाक्य कानी पडतं : 'आमच्या सुनेच्या मैत्रिणीच्या मुलाचं सिलेक्शन झालं हो, कोट्यधीश झाला पोरगा!' सुनेची मैत्रीण कधी बहिणीची शेजारीण होते आणि मुलाचं नाव बदलतं. कोट्यधीश मात्र तो दर वर्षी होतोच.

तो कोट्यधीश झालेला नसतो. बहुतेक वेळा त्याला त्या दिवशी एक डॉलरही मिळालेला नसतो.

घोटाळा कुठे होतो ते उघड आहे. आपण आयपीएलचा लिलाव बघत आलो आहोत. तिथे बोली लागते, हातोडा पडतो आणि खेळाडूची किंमत ठरते. ड्राफ्टमध्ये बोलीही नाही आणि किंमतही नाही. एकेक संघ येतो, अठराएक वर्षांच्या एका मुलाचं नाव पुकारतो, मुलगा आईला मिठी मारतो, संघाची टोपी आणि जर्सी घालून फोटो काढतो. सात फेऱ्या, बत्तीस संघ, सव्वादोनशेच्या आसपास नावं. यातून त्या मुलाच्या हाती काय पडतं? काही नाही. हाती पडतं ते संघाच्या : या मुलाशी एनएचएलचा करार करायचा झाला, तर तो फक्त आम्हीच करणार, हा हक्क. करार केलाच पाहिजे असं बंधन संघावर नसतं. ठरावीक मुदतीत करार केला नाही, तर हक्क संपतो आणि मुलगा मोकळा. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलांसाठी ही मुदत बराच काळ दोन वर्षांची होती. ड्राफ्ट झालेली कितीतरी मुलं ती दोन वर्षं वाट बघतात आणि संघाचा फोन येत नाही. बाजारात तुरी, आणि इकडे आपण सात पिढ्यांची सोय करून मोकळे.

बरं, फोन आला, करार झाला, तरी चित्र फारसं बदलत नाही. पहिला करार बहुधा 'टू-वे' असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन पगार. एनएचएलच्या संघात असलेल्या दिवसांचा एक आणि खालच्या लीगमध्ये पाठवलेल्या दिवसांचा दुसरा. दिवसांचा म्हटलं ते शब्दशः घ्या, हिशेब खरोखरच दिवसांवर होतो. २०२५-२६च्या हंगामात एनएचएलचा किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या वर. बातमीत छापून येतो तो हाच आकडा. त्याच कागदावरचा दुसरा आकडा, अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतानाचा, नवख्यांसाठी साधारणपणे एक लाख डॉलरच्या आतला असतो, तो कोणी छापत नाही. नवखे खेळाडू बहुतांश दिवस तिथेच काढतात. त्याखालच्या ईसीएचएलमध्ये पगार आठवड्यावर मोजतात, तोही शेकड्यांत, आणि राहायची खोली संघ देतो म्हणून भागतं. कर, एजंटचा वाटा आणि लीग-मालकांच्या हिशेबासाठी पगारातून आधीच बाजूला काढून ठेवली जाणारी रक्कम, हे सगळं आणखी वजा करा.

करारही झाला नाही, असा मुलगा ड्राफ्टनंतर कुठे जातो? बहुधा होता तिथेच, ज्युनियर लीगमध्ये. तिथलं आयुष्य आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सोळाव्या वर्षी घर सोडायचं. पाचशे-हजार किलोमीटरवरच्या एखाद्या गावात परक्या कुटुंबात राहायचं. अशा यजमान कुटुंबांना तिथे 'बिलेट' म्हणतात. त्यांच्याच टेबलावर जेवायचं, तिथल्याच शाळेत जायचं. हंगामात साठाहून जास्त सामने, त्यातले निम्मे परगावी, रात्रभराचा बसचा प्रवास, आणि बसमध्येच गृहपाठ. मोबदला म्हणजे हातखर्चापुरते पैसे. कोट्यधीश झालेला पोरगा ड्राफ्टनंतरच्या सप्टेंबरात पुन्हा त्याच बसमध्ये चढतो.

'पण निवड झाली म्हणजे गुणवत्ता सिद्ध झालीच की!' हे पुढचं वाक्य. त्यावर एकच विनंती : १९९९च्या ड्राफ्टची यादी काढून बघा. या याद्या लीग स्वतःच प्रसिद्ध करते, कोणालाही पाहता येतात.

त्या वर्षी बोस्टनमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं ते पॅट्रिक श्टेफानचं. नव्याने स्थापन झालेल्या अटलांटा थ्रॅशर्सने चेक प्रजासत्ताकातला हा मुलगा निवडला. एनएचएलमध्ये तो ४५५ सामने खेळला, ६४ गोल केले, दुखापतींनी बेजार झाला आणि तिशी गाठण्याआधी खेळातून बाहेर पडला. आज लोकांना तो आठवतो तो २००७मधल्या एका फजितीमुळे : समोर मोकळं गोलपोस्ट, गोलरक्षक नाही, आणि याच्या काठीवरून पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) निसटला. त्याच यादीत चौथा पावेल ब्रेंडल. त्याचे एनएचएलमधले एकूण सामने ७८. आणि २१०व्या क्रमांकावर, सातव्या फेरीत, निम्मं सभागृह रिकामं झाल्यावर पुकारलं गेलेलं नाव होतं हेन्रिक झेटरबर्ग. हा पुढे डेट्रॉइटचा कर्णधार झाला. २००८मध्ये संघाने स्टॅन्ली कप हा लीगच्या विजेतेपदाचा चषक जिंकला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर सेदिन जुळे, डॅनियल आणि हेन्रिक. व्हँकूव्हरचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी इतर संघांशी अदलाबदली करून दोघांना एकत्र मिळवलं. दोघे सतरा हंगाम एकाच संघात खेळले आणि २०२२मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. म्हणजे अंदाज बरोबर येतच नाहीत असं नाही. पण अंदाज तो अंदाज. ड्राफ्ट झालेल्यांपैकी साधारण निम्मी मुलं एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत.

उलट बाजूही बघा. वेन ग्रेट्स्की एनएचएलच्या ड्राफ्टमधून आलाच नाही. १९७८मध्ये सतराव्या वर्षी तो डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये शिरला, आणि पुढच्या वर्षी त्याचा एडमंटन ऑयलर्स हा संघच एनएचएलमध्ये सामील झाला. मार्टिन सेंट लुईला उंची कमी म्हणून कोणीही निवडलं नाही. २००४मध्ये तो लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. भारतीय वंशाच्या खेळाडूंचा अभिमान आपण बाळगतोच, तर त्यातला पहिला, ब्रिटिश कोलंबियाचा रॉबिन बावा, हाही ड्राफ्टविनाच आला. १९८९मध्ये तो वॉशिंग्टनकडून पहिल्यांदा उतरला, चार संघांत मिळून ६१ सामने खेळला आणि कारकिर्दीचा मोठा भाग खालच्या लीगमध्ये गेला. अलीकडचा अर्शदीप बैन्स बघा. सरे गावचा हा पंजाबी मुलगा ड्राफ्टमध्ये कुणालाच नको होता. २०२१-२२मध्ये वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये त्याने सर्वाधिक ११२ गुण मिळवले, तेव्हा व्हँकूव्हरने थेट करार केला. एनएचएलचा पहिला सामना तो २०२४च्या फेब्रुवारीत खेळला. त्याच्या ड्राफ्टच्या दिवशी कोणी पेढे वाटले नाहीत, कारण तसा दिवस उगवलाच नाही.

इतके जाणते निरीक्षक चुकतात कसे? अठराव्या वर्षी मुलगा पुरता वाढलेला नसतो, हे एक कारण. दुसरं कारण जन्ममहिन्याचं, आणि इथे आपल्याकडच्या प्रेरणादायी व्याख्यात्यांचा हिशेब चुकता करायचा आहे. माल्कम ग्लॅडवेलचं 'आउटलायर्स' वाचून ते सांगत सुटलेत की हॉकीपटू व्हायचं तर जानेवारीत जन्मावं. मूळ निरीक्षण खोटं नाही. वयोगटाची सीमा ३१ डिसेंबर असल्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, थोराड दिसतो आणि लहान गटांत निवडला जातो. पण याचा अर्थ जानेवारीतली मुलं जास्त चांगली खेळतात असा नाही. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटंच आढळलं : वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना ड्राफ्टमध्ये त्यांच्या योग्यतेपेक्षा उशिरा निवडलं जातं आणि पुढे ते अपेक्षेपेक्षा सरस ठरतात. थोडक्यात, चूक निवडणाऱ्यांची आहे आणि व्याख्यानात ती निसर्गनियम म्हणून विकली जाते. सिडनी क्रॉस्बीचा जन्म ऑगस्टमधला आहे, हे व्याख्यानात कधी येत नाही.

आता समजा मुलगा खरोखरच पोहोचला आणि टिकला. तरी 'सेटल झाला' म्हणू नका. करारात वेगळं कलम नसेल, तर संघ त्याला हंगामाच्या मध्यावर, विचारल्याविना, दुसऱ्या गावी धाडू शकतो. माइक सिलिंजर बारा संघांकडून खेळला, हा लीगचा विक्रम आहे. मुलांच्या शाळा किती बदलल्या असतील, विचार करा. ग्रेट्स्कीचाही १९८८च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसशी सौदा झाला आणि कॅनडात संसदेपर्यंत आरडाओरड झाली. भारतीय वंशाचे वडील आणि फ्रेंच-कॅनेडियन आई असलेला मॅनी मल्होत्रा १९९८च्या ड्राफ्टमध्ये सातवा होता. ड्राफ्टवरचा विश्वास खरा ठरवणारं उदाहरण म्हणून ते देता येईल. तो सात संघांत मिळून ९९१ सामने खेळला. पण २०११च्या मार्चमध्ये पक डाव्या डोळ्यावर आदळला आणि त्या डोळ्याची बरीचशी दृष्टी गेली. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो त्याच जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत उतरला. पुढे त्याच्या तेव्हाच्या संघालाच वाटलं की याने खेळणं धोक्याचं आहे, आणि २०१३मध्ये त्याला बसवलं. तो दुसरीकडे जाऊन पुन्हा खेळला. २०२५मध्ये ॲबट्सफर्डने अमेरिकन हॉकी लीगचा काल्डर कप जिंकला तेव्हा प्रशिक्षक मल्होत्रा होता, आणि संघात बैन्स.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत, भराभर उरकतो.

आइस हॉकीत मारामारीला परवानगी असते. नसते. मारामारी केली की पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. १९८०च्या दशकात सरासरी प्रत्येक सामन्यात एक व्हायची, आता चार-पाच सामन्यांत एखादी होते. त्यात मजा वाटणाऱ्यांनी डेरेक बूगार्डची कहाणी वाचावी. संघासाठी ठोसे मारणं हेच त्याचं काम होतं. २०११मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मद्य आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला, आणि बोस्टन विद्यापीठातल्या तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार आढळला. डोक्याच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी लावलेला दावा लीगने २०१८मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर देऊन मिटवला, पण चूक कबूल केली नाही.

हेल्मेट पहिल्यापासून सक्तीचं होतं, हेही चूक. १९७९पासून, आणि तेही नव्या खेळाडूंनाच. जुन्यांतला शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७पर्यंत तसाच खेळला.

खेळाडू तासभर अखंड खेळतो. छे, एका वेळी पाऊण मिनिट. मग दुसरे उतरतात.

बायकांना यात कारकीर्द नाही. आता आहे. पीडब्ल्यूएचएल ही लीग १ जानेवारी २०२४ला सुरू झाली. सुरुवातीचा किमान पगार मात्र ३५ हजार डॉलर, त्यामुळे इथेही कोट्यधीश शोधू नका.

आणि भारतात आइस हॉकी नाही, हे सांगणाऱ्यांना लेह दाखवावं. तिथे हिवाळ्यात तळी गोठली की पोरं काठ्या घेऊन उतरतात. मुख्यतः लडाखी मुलींच्या भारतीय महिला संघाने २०२५च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकाचं कांस्यपदक मिळवलं. त्यांच्यासाठी देशात पगारी व्यावसायिक लीग नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.