हौदा उतरला आणि ट्रक कळला

‘‘बोल्ट खोलायचे, हौदा उचलायचा, बाजूला ठेवायचा. जेवणाआधी उरकेल!’’ मैत्रीण फोनवर म्हणाली. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळे मी विश्वास ठेवला. सकाळी वही-पेन घेऊन तिच्या गावी गेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले.

तिच्या आजोबांनी कधीकाळी लिलावात घेतलेला ट्रक गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जीएमसी, मॉडेल सीसीकेडब्ल्यू. तिला तो पुन्हा रस्त्यावर आणायचाय. बाबांची अट एकच. ‘‘चेसी चांगली निघाली तर ठेवू. सडली असेल तर सोमवारी भंगारवाल्याला फोन.’’ आता चेसी नीट बघायची तर वरचा हौदा उतरवायलाच हवा. म्हणजे ही परीक्षाच होती, आणि निकाल हौद्याखाली लपलेला.

हा ट्रक साधासुधा नाही. अडीच टनांचा, म्हणून सैनिक त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणायचे. तीन अ‍ॅक्सल, आणि गरज पडली की सगळ्या चाकांना इंजिनाची ताकद. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले. पुढे पोलाद वाचवायचं म्हणून कारखान्याने हौदे चक्क लाकडाचे केले. आपल्या आसाममधल्या लेडोहून १२ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकन लष्करी गाड्यांचा पहिला ताफा निघाला आणि ब्रह्मदेशातून ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला. त्या रस्त्यावर हेच ट्रक राबले.

एकाच चेसीवर मालाचा हौदा, टँकर किंवा फिरतं वर्कशॉप, काहीही बसवता यायचं. त्यामुळे हौदा सुटा होतो, पण सहज नाही. चेसी आणि हौदा यांच्यामध्ये लांब लाकडी पट्ट्या असतात आणि हे सगळं यू-बोल्टने आवळलेलं असतं. चेसीला जास्त भोकं पाडली तर ती कमजोर होते, म्हणून ही युक्ती. गोम एवढीच, की लाकूड पाणी धरून ठेवतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पहिला दिवस तर पाना न धरताच गेला. मिस्त्रीकाकांनी आधी फोटो काढायला लावले. केबिन आणि हौद्यातली फट दोन्ही बाजूंनी मोजली. परत बसवताना हौदा तिरका बसू नये म्हणून. टेल-लाइटच्या प्रत्येक वायरला चिठ्ठी. मग फाळका आणि बाजूचे लाकडी बाक काढून वजन कमी केलं आणि बोल्टवर तेल सोडून रात्रभर मुरू दिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धे नट सुटले, बाकीचे जागचे हलेनात. मी विचारलं, ‘‘गॅस कटर मारायचा का?’’ काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच. तेलात भिजलेलं लाकूड, शेजारी पेट्रोलची टाकी! टाकी आधी रिकामी करून बाहेर नेली, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, मगच ग्राइंडर हळूहळू चालवला.

तिसऱ्या दिवशी कळलं की शेडच्या कैच्यांना एवढं वजन पेलणार नाही. मग उलटा विचार केला. हौदा बाहेर काढण्याऐवजी ट्रकच बाहेर काढायचा! चार कोपऱ्यांना जॅक, खाली जाड लाकडी ठोकळे. एक बोट उचलला की ठोकळा सरकवायचा. खाली कोणीही जायचं नाही.

मागचा कोपरा वर जाईना. मैत्रिणीने जॅकचा दांडा आणखी दाबला, तशी हौद्याबरोबर चेसीही उचलली जाऊ लागली. ‘‘थांब!’’ काका ओरडले. मातीच्या थराखाली एक बोल्ट राहून गेला होता. आणखी दोन दाब दिले असते तर अख्खा ट्रक घसरला असता. तिचे हात थरथरत होते. काका रागावले नाहीत. जॅक उतरवला, बोल्ट कापला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपारी चौघांनी ढकलून ट्रक हौद्याखालून बाहेर काढला. लाकडी पट्ट्या बोटांनी चुरगळत होत्या. काका हातोडी घेऊन चेसीवर ठोकत निघाले. टण्ण. टण्ण. बाबा मागोमाग चालत होते, एक शब्द न बोलता. अगदी शेवटी, मागच्या आडव्या पट्टीवर आवाज बदलला. थप्प.

‘‘एवढीच बदलावी लागेल,’’ काका म्हणाले. ‘‘लांबीचे दोन्ही गज ठणठणीत आहेत.’’

बाबांनी तो भुसा झालेला लाकडाचा तुकडा उचलून हातात फिरवला.

‘‘भंगारवाल्याचं राहू दे,’’ ते मैत्रिणीला म्हणाले. ‘‘आधी हे लाकूड कुठलं घ्यायचं ते बघ.’’