यंत्रें आपल्या विजेचा हिशेब कसा देतात?

घराच्या दाराशीं बसविलेलें मीटर साऱ्या घराचा खर्च एकत्र सांगतें. कोणत्या दिव्यानें किती वीज खाल्ली, हें तें जाणत नाहीं. मोठ्या कचेऱ्यांतून मात्र शेंकडों यंत्रें तारांच्या एका जाळ्यांत गोंवलेलीं असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें आपापला खर्च स्वतःच कळवितात.

मोजण्याचें तत्त्व जुनेंच आहे. यंत्रांत येणाऱ्या विजेच्या वाटेंत अत्यल्प रोधाचा एक धातूचा तुकडा घालतात. समजा, त्याचा रोध एक सहस्रांश ओहम आहे आणि त्याच्या दोन टोकांमधील दाबांत १० सहस्रांश व्होल्टांचा फरक आढळला. तर जॉर्ज ओहम ह्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें प्रवाह १० अँपिअर ठरतो. पुरवठा १२ व्होल्टांचा असल्यास खर्च १२० वॅट. एक इवलीशी चिप हा गुणाकार सेकंदांत अनेक वेळां करते, बेरीज ठेविते, आणि मध्यवर्ती संगणकानें विचारतांच आंकडा पाठविते. ही बेरीज महत्त्वाची. दर ५ मिनिटांनीं केवळ त्या क्षणाचे वॅट विचारणाऱ्यास मधल्या चढउतारांचा पत्ताच लागत नाहीं.

पण सगळींच यंत्रें खरोखर मोजतात असें नाहीं. कित्येकांत तो तुकडा नसतोच. तीं कामाच्या भारावरून अंदाज बांधतात. कांहीं तर कारखान्यानें लिहून दिलेला ठराविक आंकडाच सदैव ऐकवितात, आणि रात्रीं यंत्र निजलें असतां किती वीज वाचली, हें अशा आंकड्यावरून कधींच कळावयाचें नाहीं. पडद्यावर मात्र तिन्ही आंकडे सारखेच भारदस्त दिसतात! म्हणूनच इंटरनेटचे नियम आंखणाऱ्या आय्. ई. टी. एफ्. ह्या संस्थेनें मार्च २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आर्. एफ्. सी. ७४६० ह्या लेखांत एक स्वतंत्र रकाना ठेविला आहे. आंकडा मोजलेला, अंदाजाचा कीं ठराविक, हें यंत्रानें त्यांत सांगावयाचें.

दुसरी अडचण एकच वीज दोनदां धरली जाण्याची. टेबलावरील टेलिफोनला पुष्कळदां जाळ्याच्या तारेंतूनच वीज मिळते. तारा जोडणारी जी पेटी, म्हणजे स्विच, तोच ती पुरवितो. २००३ सालच्या प्रमाणाप्रमाणें स्विचला एका तारेंत १५.४ वॅट देतां आले पाहिजेत, आणि १०० मीटर दूरच्या टेलिफोननें १२.९५ वॅटांहून अधिक घेऊं नयेत. मधले सुमारें अडीच वॅट तार तापविण्यांत जाऊं शकतात. स्विच दिलेली वीज सांगतो, टेलिफोन पोंचलेली. दोघेहि खरेंच बोलतात. पण त्यांची बेरीज करणाऱ्या व्यवस्थापकास २८.३५ वॅटांचा खर्च दिसेल, आणि स्विचमधून तर निघाले १५.४ च. कोण कोणास वीज पुरवितो, ह्याच्या नोंदीची सोयहि ह्याच नियमांच्या मालेंत केलेली आहे. ती नोंद पाहून टेलिफोनचा आंकडा बेरजेंतून वगळतां येतो.