गॅरेजातले विमान आणि टर्बोचा मोह

वाचकहो, आपल्या माणसांच्या अमेरिकेतल्या गॅरेजात काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. तांदळाची पोती, जुना सोफा, मुलांच्या लहानपणच्या सायकली. डेन्व्हरच्या आमच्या एका सांगलीकर मित्राच्या गॅरेजात मात्र विमान आहे! दोन माणसांचे, स्वतःच्या हातांनी जोडलेले. मोटार बिचारी सात हिवाळे बाहेर बर्फात उभी आहे.

यात बेकायदा काही नाही. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केले असेल तर एफ.ए.ए. अशा विमानाला ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून परवानगी देते. तो शब्द विमानात शिरण्याच्या जागेपाशी ठळक लिहावा लागतो, म्हणजे बसणाऱ्याने मागाहून तक्रार करू नये. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये चक्क इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली.

मित्राने इंजिन आणले ते भंगारात गेलेल्या माझ्दा आर.एक्स.-७ मोटारीतले, रोटरी. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत, पण त्यांत अख्खे इंजिनच पंख्याबरोबर गरगरत असे. हे निराळे. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेतले, १९५७ साली प्रथम चाललेले. यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. तिकोनी रोटर फिरतात. मित्राच्या १३-बी इंजिनात असे दोन रोटर, मिळून १३०८ सी.सी. हलके आणि थरथर कमी. तेव्हा विमानवेड्यांना त्याचा मोह पडतो यात नवल नाही.

मग टर्बो कशाला? तर डेन्व्हर आहे ५,२८० फुटांवर, आणि आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे हे विमान जमीन सोडणार तेच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून, आणि पुढे रॉकीज उभे! लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्के, आणि इंजिनाची ताकदही त्याच मानाने घटलेली. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवतो आणि विरळ हवा दाबून इंजिनात भरतो. याच कोलोरॅडोत पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर, सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली लिबर्टी इंजिनाला टर्बो लावून ही गोष्ट सिद्ध केली होती.

पण रोटरीचा धूर पिस्टन इंजिनाच्या धुराहून तापट. मोटारीत टर्बोवर खरा जोर पडतो तो घटकाभर, विमानात तासन्‌तास. त्याला तेल पुरवणारी नळी फुटली आणि तेल लाल झालेल्या लोखंडावर पडले, तर आकाशात आग. हाव धरून दाब वाढवला तर इंधन अवेळी भडकते आणि रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या मोडतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) मोडलेला तुकडा धुराबरोबर थेट टर्बोच्या चक्रात जातो. एका चुकीत दोन्ही गेली. म्हणून जाणते लोक सांगतात की समुद्रकाठी मिळतो तेवढाच दाब वर टिकवा, त्याहून जास्त मागू नका.

हे सारे मित्र आम्हाला रंगात येऊन सांगत होता. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी एकच विचारले, “अहो, डोंगरावर बंद पडले तर उतरणार कुठे?”

मित्र गप्प झाला. आम्हीही चहात लक्ष घातले.

पुढल्या खेपेला गेलो तेव्हा टर्बो इंजिनावरून उतरलेला होता. चाचणीची पहिली चाळीस तास उड्डाणे त्याच्याशिवाय करायची, तीही एकट्याने, सपाट मुलखाकडे, असे त्याने ठरवले होते. तेलाचे आणि पाण्याचे तापमान दर उड्डाणाला वहीत मांडायचे. आकडे ठीक आले तरच टर्बो बसवायचा, आणि बसवला की पुन्हा एकट्याने चाचणी. वहिनींचा नंबर त्याच्यानंतर.

टर्बो सध्या जुन्या धोतरात गुंडाळून तांदळाच्या पोत्याशेजारी ठेवला आहे.