ज्वारी गेली, पाकीट राहिलं

वऱ्हाडात चराईच्या गवताला युरिया घालत नाहीत. गावाच्या ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर मृगाच्या पावसात मारवेल, कुसळी उगवते, ढोरं चरतात, उरलेलं पोळ्यानंतर वाळत जातं. तेव्हा ‘जिवाणू वापरा, गवताचा युरिया वाचवा’ असं सांगितलं तर अकोल्याचा कास्तकार विचारणारच, घातला कधी होता?

रास्त आहे. पण इथल्या ढोरांचं मुख्य गवत ई-क्लासवर नव्हतंच, ते वावरात उभं होतं. ज्वारी गवताच्याच कुळातली. कणीस घरात, कडबा गोठ्यात. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि या गवताला खताची भूक लागली. पुढे खरीप ज्वारीला हेक्टरी ८० किलो नत्राची शिफारस रूढ झाली, म्हणजे जवळजवळ पावणेदोन क्विंटल युरिया. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात उभं राहिलं, ते याच खताच्या दशकात.

नेमक्या त्या सुमारास ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञ योहाना डोबेरायनर उष्ण कटिबंधातल्या गवतांची मुळं तपासत होत्या. त्यांना तिथे हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू सापडले. १९७८ मध्ये या जिवाणूंना अॅझोस्पिरिलम हे नाव मिळालं. रायझोबियम कडधान्याच्या मुळावर गाठी करून राहतो. अॅझोस्पिरिलम तसा घरजावई नव्हे, मुळाच्या आसपास नि आत वावरतो. नत्र थोडंच देतो. पण त्याच्या संप्रेरकांनी मुळं फुटतात, पसरतात, आणि घातलेलं खत वाया न जाता पिकाला लागतं.

१९८३ मध्ये केंद्र सरकारने जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. जिवाणू खताचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट, दहा किलो बियाणं, गुळाचं पाणी, सावलीत वाळवणं हा विधी पुढे गावोगाव पोचला. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं आणि पाकीट त्याच्याशी जोडलं गेलं. शेंगेच्या पिकाला गाठी येतात, उपटून दाखवता येतात. ज्वारीचा अॅझोस्पिरिलम काही दाखवत नाही. ‘दिसत नाही तर खर्च कशाला’ या हिशोबात तो मागे पडला.

त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. ४५ अंशांत पत्र्याखाली पडलेल्या पाकिटात जूनपर्यंत जिवंत काय उरणार? २००६ मध्ये ही खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली, ग्रॅममागे किमान पाच कोटी जिवाणूंचं बंधन आलं. तरी कारखान्यातली मोजणी आणि वावरातली हजेरी या दोन गोष्टी आहेत. द्रवरूप खतं आली तेव्हा टिकण्याची अडचण थोडी हलकी झाली.

अमरावतीचेच नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर दुसऱ्याच वाटेने गेले: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. हे जीवामृत घरी होतं, पाकीट नको. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र ड्रममध्ये नेमका कोणता जिवाणू किती वाढला, हे कास्तकाराला कळायला मार्ग नाही.

दरम्यान ज्वारीच हटली. सोयाबीन आलं, रानडुकरांचा आणि पाखरांचा त्रास वाढला, कडब्याच्या पेंढ्या दुर्मिळ झाल्या. गोठ्यात सोयाबीनचं कुटार आलं. ज्याच्याकडे विहिरीला पाणी, त्याने बांधाकडेला संकरित नेपियर लावला. आणि इथेच गवताला खरोखर युरिया पडतो, दर कापणीनंतर.

ब्राझीलने गवताच्या युरियाचा हाच प्रश्न चराऊ रानात हाताळला. तिथल्या शास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांनी २०१६ मध्ये ब्रॅकियारिया गवतावरचे निकाल मांडले: नत्रासोबत अॅझोस्पिरिलम दिल्यावर चारा नुसत्या नत्रापेक्षा जास्त. २०२५ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे त्या रानात चरणारी नेलोर गुरं आंध्रातल्या ओंगोल वळूंची वंशज.

वऱ्हाडात नेपियर बियाण्याने नाही, कांड्यांनी लागतो. लागवडीआधी कांड्या अॅझोस्पिरिलमच्या पाण्यात बुडवणं अर्ध्या तासाचं काम. पण कृषी केंद्रात मृगाच्या तोंडावर गर्दी असते ती सोयाबीनच्या पाकिटांसाठी, आणि नेपियरवाला युरियाची ४५ किलोची गोणी खांद्यावर टाकून निघून जातो.